नववीची पोरं इंग्रजीच्या तासाला तोंडच उघडत नाहीत. धाक दाखवायचा की थांबायचं?

खडूवाला
नागपुरात दिघोरीच्या पुढे एका मराठी शाळेत नववीला इंग्रजी शिकवतो. आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, म्हणजे माझ्याकडे येणारं पोट्टं आठ वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं. धडा वाचतात, गाईडमधली उत्तरं धडाधड म्हणून दाखवतात. पण स्वतःचं एक वाक्य बोल म्हटलं की मान खाली, आणि मागून कोणीतरी खी करून हसतं.

माझं मत आधी सांगतो, मग शिव्या घाला. ही पोरं आळशी नाहीत. त्यांना हसं व्हायची भीती आहे, आणि ती घातली आपण मास्तर लोकांनीच, दर शब्दाला टोकून टोकून. म्हणून यंदा बोलताना टोकणं बंद, व्याकरण दिवाळीनंतर.

परवा जामठा स्टेडियमवरच्या मॅचचा पिच रिपोर्ट द्यायला लावला. डस्टरचा माईक. शेवटच्या बाकावरचा एक, जो हजेरीलाही 'येस सर' पुटपुटतो, तो उठला. फरशीवर वाकून नखानं ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "पिच इज ड्राय. बॉल कमिंग स्लो. विन टॉस, टेक बॅटिंग. इव्हिनिंग, ड्यू." वर्ग टाळ्या वाजवून मोकळा. मी चुका काढल्या नाहीत. स्टाफरूममध्ये मात्र ऐकावं लागलं, "सर, तमाशा चालवलाय का?" म्हणून इथे विचारतो.

जुनं मॅट्रिक
तमाशा नाही, पण फसवणूक आहे. तीस वर्षं हाच विषय शिकवून निवृत्त झालो. 'बॉल कमिंग स्लो' जामठ्यात चालेल, बोर्डाच्या ८० मार्कांच्या पेपरात नाही. आणि तोंडीचे २० कसे पडतात ते तुम्हालाही ठाऊक आहे. २०१९ साली भाषांचे हेच अंतर्गत गुण काढले तेव्हा दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला, आणि आपला नागपूर विभाग तळाला. पुढच्या वर्षी गुण परत दिले, निकाल ९५.३०. एका वर्षात पोरं इंग्रजी शिकली का? लाड केले की मार्क दिसतात, भाषा येत नाही.

बर्डीकर
काका, आकडे बरोबर, पण अर्धेच सांगितले. २०१९ ला दहावीचा अभ्यासक्रम नवा होता, कृतिपत्रिका, म्हणजे कृतींवर आधारलेली प्रश्नपत्रिका, नवी होती. २०२० ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, सरासरीनं गुण दिले. सगळं खापर तोंडीच्या वीस मार्कांवर नका फोडू.

खडूवाला सर, मी बर्डीवर स्पोकनचा क्लास चालवतो. सोपा उपाय सांगू? बोलला की स्टार, दहा स्टार झाले की चॉकलेट. पोरं हात वर करून करून दमतात.

खडूवाला
चॉकलेट संपल्यावर काय? एडवर्ड डेसी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९७१ चा प्रयोग आहे. कॉलेजच्या पोरांना कोडी सोडवायला दिली, काहींना सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर. मग पैसे बंद केले. मोकळ्या वेळात कोड्यांना हात लावणं पैसेवाल्यांचंच कमी झालं. तुमच्याकडे पोरं फी भरून, स्वतः ठरवून येतात. माझ्याकडे घंटा वाजली म्हणून बसलेली असतात. पिच रिपोर्टला मी काहीच दिलं नव्हतं.

उमरेड रोडवाली
सर, तुम्ही पोरांचं हसं होऊ देत नाही हे लय चांगलं. माझी पोरगी आठवीत आहे, वर्गात हसले म्हणून दोन दिवस शाळेत जात नव्हती. पण दिवाळीपर्यंत व्याकरण नाही हे नाही पटत. धरमपेठेतल्या पोराले घरी इंग्रजी ऐकू येते, तुमच्याकडून राहिलं तर ट्यूशन लावते. आमच्याकडं कोण आहे? मी साडीच्या दुकानात उभी राहते सकाळी दहापासून. आम्हाले जे मिळते ते शाळेतच. माझा भाचा बीकॉम झाला, मिहानमधल्या एका कंपनीत इंटरव्ह्यूले गेला. बोलला म्हणे बरंच. मग लेखी दिलं, अर्धं पान लिहा म्हणून, तिथं अडकला.

संत्राबर्फी
मुळात ही सक्ती कशाला? आधी मराठी धड वाचता येऊ द्या. इंग्रजीचं काय एवढं कौतुक?

उमरेड रोडवाली
दीक्षाभूमीच्या गावात हे म्हणता जी? बाबासाहेबांनी कोलंबियात आणि लंडनात प्रबंध कोणत्या भाषेत लिहिले? ज्यांचे पोरं कॉन्व्हेंटमध्ये आहेत तेच आम्हाले मराठी वाचवा सांगून राहिले.

खुर्सापार गेट
मीही तसाच शेवटच्या बाकावरचा. दहावीला इंग्रजीत ३५. आता पेंच व्याघ्र प्रकल्पात गाइड आहे. पहिल्या सीझनला 'टायगर, लेफ्ट, वेट, नो टॉक' एवढ्यावर जिप्सी निघायची. कोणी हसलं नाही, कारण पाहुण्यांना वाघ पाहायचा होता, माझं व्याकरण नाही. हळूहळू अलार्म कॉल, पगमार्क, कोणता पक्षी कुठून येतो, सगळं सांगायला लागलो. म्हणून खडूवाला सरांची भीतीची गोष्ट शंभर टक्के खरी.

पण काकांचीही एक बाजू सांगतो. माझं इंग्रजी तिथंच थांबलं. आज एका रिसॉर्टमध्ये नॅचरलिस्टची जागा आहे. दिवसभर पाहुण्यांशी बोलायला तयार आहे. संध्याकाळी काय काय दिसलं त्याचा एक पानभर अहवाल लिहायचा आहे, तिथं हात थांबतो. काल काय झालं ते सांगताना अजून 'टायगर कम' म्हणतो. गिऱ्हाइकाला समजलं की कोणी सुधारत नाही, आणि आपल्यालाही गरज वाटत नाही.

जुनं मॅट्रिक
हेच मी सांगून राहिलो होतो. धन्यवाद भाऊ.

खडूवाला
काका, इतक्यात जिंकू नका. हा भाऊ आधी बोलला म्हणून आज लिहायची गरज त्याला कळते. माझ्या वर्गातली निम्मी पोरं त्या 'टायगर, लेफ्ट'पर्यंतही आलेली नाहीत. त्यांना कर्मणी-कर्तरी शिकवून काय करू?

पण ताईंचं आणि गेटवाल्या भाऊचं पटलं. दिवाळी फार लांब आहे. पिच रिपोर्ट झाला की तीच चार वाक्यं फळ्यावर घेईन, नाव न लिहिता, आणि वर्गालाच दुरुस्त करायला लावीन. मग प्रत्येकानं वहीत तोच रिपोर्ट 'काल मॅच झाली' असा लिहायचा, म्हणजे भूतकाळ आपोआप लागतो. बोलताना टोकणार नाही, यावर मात्र मी ठाम आहे.

बर्डीकर
आणि ज्यांना क्रिकेटच आवडत नाही? मुलींचं काय?

खडूवाला
सगळ्यात लांब रिपोर्ट एका मुलीचाच होता, तीन मिनिटं. बाकी ज्यांना नको त्यांनी कळमन्याचे संत्र्याचे भाव सांगावेत, मेट्रोतली अनाउन्समेंट करावी. विषय त्यांनीच निवडायचा.

जुनं मॅट्रिक
पाहू. सहामाही झाली की पाच पेपर नावं झाकून पाठवा, मी तपासतो. बोर्डाच्या हिशेबानं, एकही मार्क दयेचा नाही.

खडूवाला
पाठवतो. पण त्या पोराचा पिच रिपोर्टही ऐकावा लागेल, आणि तो संपेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही.

जुनं मॅट्रिक
किती मिनिटं?