ठेवीवरचं कार्ड, लिमिट इवलंसं: वेळेवर भरूनही स्कोअर घसरला, कुठे चुकतंय?

कोरीपाटी

मी घरून मुद्रितशोधनाचं काम करते. वय ४१. आजवर पैची उधारी केली नाही, आणि याचा मला अभिमान होता. घराच्या कर्जाची चौकशी करायला गेले त्या दिवशी तो उतरला. समोरचा माणूस बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं इथे काहीच दिसत नाही." म्हणजे वाईट नाही, चांगलंही नाही. काहीच नाही.

साधं क्रेडिट कार्डही कुणी देईना, म्हणून आठ महिन्यांपूर्वी ठेव तारण ठेवून कार्ड काढलं. जेवढी ठेव तेवढंच लिमिट. आणि बिचकत बिचकत घेतलेलं असल्यामुळे ठेवही अगदीच बेताची ठेवली. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण इथे अंथरूणच हातरुमालाएवढं!

आकडे सोपे जावेत म्हणून लिमिट १०० धरा. पहिले सहा महिने कार्डावर फक्त फोनचं बिल टाकलं, २२. सहाव्या महिन्यात माझ्या नावापुढे पहिल्यांदा क्रेडिट स्कोअर, म्हणजे उधारी फेडण्याची पत दाखवणारा आकडा, उगवला. बरा होता. मला हुरूप आला. मग कामाच्या सॉफ्टवेअरचे ३८, इंटरनेटचे १६ आणि किरकोळ १२ हेही कार्डावरच टाकायला लागले. एकूण ८८. स्टेटमेंट १८ तारखेला येतं, भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ८. मी ५ तारखेलाच सगळे पैसे भरते, एकदाही चुकले नाही.

तरी दोन महिन्यांत स्कोअर २७ अंकांनी खाली! कार्ड जास्त वापरलं, वेळेवर भरलं, म्हणजे वाढायला नको का? की हे लोक माझी चेष्टा करताहेत?

रोजमेळ

चेष्टा नाही हो ताई. तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलंय, त्या १८ तारखेत.

मी सगळी नोकरी हिशेबाच्या वह्यांवर काढली. ३१ तारखेला बाक्या काढायचो. एखादं गिऱ्हाईक १ तारखेला सकाळी येऊन पैसे देऊन जाई. माणूस चोख, पण आमच्या ३१ च्या कागदावर त्याच्या नावापुढे बाकी उभी ती उभीच. तुमचं तसंच झालंय. बहुतेक कार्ड कंपन्या स्टेटमेंट बनतं त्या सुमाराची बाकी क्रेडिट ब्यूरोला, म्हणजे लोकांच्या उधारी-परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला, कळवतात. १८ ला तुमची बाकी ८८. ५ तारखेला तुम्ही ती शून्यावर आणता, पण तोवर ब्यूरोच्या कागदावर "१०० पैकी ८८ वापरले" असं चढलेलं असतं. तिथे बसलेल्या गणिताला तुम्ही चोख आहात की गळ्यापर्यंत बुडालेल्या, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. ते आपलं वाईटच धरून चालतं.

हीच ८८ ची खरेदी १,००० च्या लिमिटवर असती तर जेमतेम ९ टक्के झाली असती आणि कुणाच्या डोळ्यांवर आली नसती. छोट्या लिमिटची खरी अडचण हीच आहे, खर्च साधाच असतो पण टक्केवारी भयंकर दिसते. फायको या स्कोअरचं गणित बनवणाऱ्या कंपनीच्या स्कोअरमध्ये वेळेवर परतफेडीला साधारण ३५ टक्के वजन आहे आणि किती देणं आहे याला ३०. तुमचा पहिला पेपर उत्तम आहे, दुसऱ्यात मार जातोय.

उपाय सोपा आहे. भरणा ५ ला करता, तो १४ ला करा, म्हणजे स्टेटमेंटच्या चार दिवस आधी. चार दिवस अशासाठी की भरलेले पैसे खात्यात जमा दिसायला कधीकधी दोन-तीन दिवस लागतात, मध्ये सुट्टी आली तर आणखी. ८८ पैकी ८० भरून टाका. स्टेटमेंट ८ चं येईल. मग ते ८ शेवटच्या तारखेच्या आत भरा. हे दुसरं विसरू नका बरं का, आधी ८० भरले म्हणून स्टेटमेंटवरची बाकी माफ होत नाही. मी एकाला हे सांगितलं तर तो पहिलं करून दुसरं विसरला आणि मला शिव्या घालत बसला.

काठावरपास

मला तर एका मित्राने सांगितलेलं की मुद्दाम थोडी बाकी ठेवायची, मिनिमम भरायचं आणि बाकीचं पुढच्या महिन्यात ढकलायचं. कंपनीला व्याज मिळालं की स्कोअर वाढतो म्हणे.

रोजमेळ

त्या मित्राकडून दुसरा कुठलाही सल्ला घेऊ नका.

स्टेटमेंटवर थोडी बाकी *दिसणं* आणि ती पुढच्या महिन्यात *ओढणं* यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दिसली आणि मुदतीत पूर्ण भरली, तर व्याज शून्य. ओढली, तर तिच्यावर व्याज लागतंच. शिवाय बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी सवलतही जाते, म्हणजे उद्या घेतलेल्या वस्तूवर उद्यापासूनच मीटर सुरू. व्याज भरल्याचं बक्षीस म्हणून स्कोअर वाढत नाही. आणि ठेवीवरच्या कार्डांचे व्याजदर काही प्रेमळ नसतात. ठेव तुमचीच असूनही!

अर्धवटराव

रोजमेळकाकांचं सगळं बरोबर, पण छोट्या लिमिटवाल्यांना एक दुसराच खड्डा लागतो, त्यात मी पाय मोडून घेतलाय.

माझंही ठेवीवरचंच कार्ड. प्रवासात एका हॉटेलात उतरलो. खोलीचे पैसे आधीच दुसरीकडून भरलेले. काउंटरवरच्या मुलीने हसतमुखाने कार्ड मागितलं, "फक्त नोंदीसाठी, सर." मी दिलं. फोनवर मेसेज आला तो बघितलाही नाही. सकाळी परतीचं तिकीट काढायला गेलो तर नकार. पुन्हा प्रयत्न, पुन्हा नकार. मागे रांग, माझ्या कानांच्या पाळ्या गरम. बाजूला होऊन ॲप उघडलं तेव्हा कळलं, हॉटेलवाल्यांनी अनामत म्हणून लिमिटचा साठ टक्के भाग अडवून ठेवलाय. पैसे गेले नव्हते, पण माझ्या हातातही नव्हते. खोली सोडल्यावर ते सुटायला सहा दिवस लागले.

पेट्रोल पंपावरच्या स्वयंचलित मशीनमध्येही असं होतं. किती भरणार हे मशीनला आधी माहीत नसतं, म्हणून ते एक ठोक रकम अडवतं आणि खरा आकडा नंतर बसतो. गाडी भाड्याने घेतानाही तेच. मोठ्या लिमिटवाल्याला याचा पत्ताही लागत नाही, आपली मात्र त्यात अख्खी गंगाजळी अडकते. तेव्हापासून अशा ठिकाणी मी कार्डच काढत नाही.

तारणहार

नावावर जाऊ नका, मी कुणाला तारलं नाही, स्वतःलाही नाही.

माझी समजूत अशी होती की बँकेकडे माझी ठेव आहे, तर एखादं बिल राहिलं तर त्यातून वळतं करून घेतील. ऑटोपे लावलेलं होतं. ज्या खात्यातून पैसे जायचे त्यात त्या दिवशी शिल्लक कमी पडली. ऑटोपे परत गेला. सूचना आली, मी वाचली आणि (आता लिहायलाही लाज वाटते) मनात म्हटलं, घेतील की ठेवीतून.

कुणी काही घेतलं नाही. उशिराचा दंड लागला, व्याज लागलं, ऑटोपे परत गेल्याचे बँकेने वेगळे कापले. मी निवांत. दुसरं स्टेटमेंट आलं तेव्हा फोन केला, तर पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "सर, ठेव तारण आहे, बिल तुम्हालाच भरायचं आहे." तुम्ही पूर्णच थकलात, खातं बुडीत धरायची वेळ आली, तर बँक ठेवीला हात लावते. तोवर महिन्यामागून महिना "थकीत" म्हणून नोंद होत राहते. माझी ती एक नोंद अजून अहवालात आहे.

कोरीपाटीताई, तुमचे २७ अंक महिन्या-दोन महिन्यांत परत येतील. वापराच्या टक्केवारीचं असं असतं की पुढच्या महिन्यात कमी कळवली गेली की बऱ्याचशा स्कोअरांमध्ये मागचं पुसलं जातं. उशिरा भरल्याचा डाग मात्र वर्षानुवर्षं राहतो. त्यामुळे तारखांची कसरत करताना भरणाच राहून गेला असं होऊ देऊ नका.

कोरीपाटी

सगळ्यांचे आभार. काल रात्री सगळी आठ स्टेटमेंटं काढून लाल पेन घेऊन बसले. प्रूफ वाचायची सवय, जाते कुठे!

पहिल्याच स्टेटमेंटमध्ये एक ओळ मी तेव्हा वाचलीच नव्हती: वार्षिक शुल्क, ९. पूर्ण रकमेचं बिल भरून मोकळी झाले होते. म्हणजे वापर सुरू व्हायच्या आधीच माझ्या १०० पैकी ९ खर्ची पडलेले. लोकांची चुकलेली वेलांटी मला दुरून दिसते आणि स्वतःच्या बिलातली अख्खी ओळ दिसली नाही.

आज सकाळी ग्राहक सेवेला फोन करून विचारलं, ब्यूरोला बाकी कुठल्या दिवसाची जाते? दोनदा फोन इकडून तिकडे फिरवला, मग एकाने सांगितलं, स्टेटमेंटच्या दिवसाचीच. रोजमेळकाका, तुमचा अंदाज बरोबर.

एक शंका. सॉफ्टवेअरचे ३८ दर महिन्याला १६ तारखेला आपोआप जातात. १४ ला भरलं तरी १६ ला पुन्हा ३८ चढणार ना?

रोजमेळ

चढणारच. वर्गणीची तारीख बदलता येते का बघा. नाही जमलं तर ते ३८ कार्डावरून काढा आणि थेट बँक खात्यातून जाऊ द्या. कार्डावर फोनचं बिल तेवढं ठेवा. कार्ड चालू दिसायला तेवढं पुरे. सगळंच काढून घेऊ नका, महिनोन्‌महिने न वापरलेलं खातं कंपनी स्वतःहून बंद करू शकते.

आणि खरं सांगू? कर्जाचा अर्ज दोन-चार महिन्यांत करायचा नसेल तर या टक्केवारीसाठी झोप घालवू नका. काही नव्या पद्धती मागच्या महिन्यांचा कलही बघतात, म्हणून सवय चांगली असावी एवढंच. अर्जाच्या आधीचे दोन महिने मात्र डोळ्यांत तेल घालून बघा.

काठावरपास

त्यापेक्षा ठेव वाढवून लिमिटच वाढवलं तर?

रोजमेळ

काही कंपन्या करू देतात. पण तेवढे पैसे अडकून पडतील. घरासाठी सुरुवातीची रक्कम साठवणाऱ्या माणसाला मी तो सल्ला देणार नाही. त्याऐवजी वर्षभर झालं की विनातारण कार्ड करून ठेव परत देता का, असं विचारा. नियमित भरणाऱ्याला पुष्कळ ठिकाणी देतात, पण बरेचदा आपण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

कोरीपाटी

तीन महिन्यांनी परत आले. सॉफ्टवेअर बँक खात्यावर हलवलं. इंटरनेट आणि फोन कार्डावर, १४ तारखेला भरणा. गेल्या तिन्ही स्टेटमेंटांवर बाकी ७, ६, ९. घसरलेले २७ पहिल्या दोन महिन्यांतच भरून आले, आता पूर्वीपेक्षा ११ वर आहे.

परवा एका हॉटेलात काउंटरवरच्या मुलाने "फक्त नोंदीसाठी" म्हणून कार्ड मागितलं. अर्धवटराव, तुमची आठवण झाली. मी विचारलं, "किती अडवणार?" तो गडबडला, आत जाऊन विचारून आला. आकडा ऐकून मी रोख अनामत दिली आणि पावती घेतली. पावतीवर "अनामत" मधला "म" खाल्लेला होता. दुरुस्त करून घेतला.