पर्ड्यू फुटबॉल २०२५: या सीझनकडून तुमची अपेक्षा काय? (अनुभव धागा)

शनिवार, ३० ऑगस्ट, दुपारी बारा. रॉस-एड स्टेडियम, समोर बॉल स्टेट. तिथून आपल्या, म्हणजे इंडियानातल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या, अमेरिकन फुटबॉल टीमचा नवा सीझन सुरू होतोय आणि गेले दोन आठवडे माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

मागचं वर्ष ज्यांनी पाहिलं त्यांना उजळणी नको असेल, पण नवीन मंडळींसाठी सांगतो. १२ गेम, १ विजय. तोही पहिलाच, इंडियाना स्टेटविरुद्ध ४९-०. त्यानंतर सलग अकरा हरलो. नोटर डेमने आपल्याच मैदानात ६६-७, विस्कॉन्सिनने ५२-६, ओहायो स्टेटने ४५-०, आणि शेवटी ब्लूमिंग्टनला इंडियाना युनिव्हर्सिटीने ६६-०. दुसऱ्याच दिवशी कोच रायन वॉल्टर्स गेले. आता लास वेगासच्या यूएनएलव्ही युनिव्हर्सिटीहून नवे कोच बॅरी ओडम आलेत. निम्म्याहून जास्त टीम नवी आहे.

मी २०१६ च्या ऑगस्टमध्ये मास्टर्सला आलो तेव्हाही टीम अशीच गाळात होती. तेव्हाचे कोच डॅरेल हेझल यांना त्या सीझनच्या मध्यातच जावं लागलं; त्यांच्या काळात ९ विजय आणि ३३ पराभव. मग जेफ ब्रॉम आले. त्यांच्या दुसऱ्या वर्षी, २०१८ ला, सुरुवात ०-३. त्यातली तिसरी हार मला अजून सलते. मिझुरीविरुद्ध आपल्या डेव्हिड ब्लाऊने (क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) ५७२ यार्ड पासिंग केलं, आणि तरी शेवटच्या क्षणाच्या फील्ड गोलने (तीन गुणांची किक) आपण ४०-३७ हरलो. त्या दिवशी समोरच्या साइडलाइनवर मिझुरीचे कोच म्हणून उभे होते ते हेच बॅरी ओडम.

त्यानंतर पाचच आठवड्यांनी, २० ऑक्टोबरला, आपण दुसऱ्या नंबरच्या ओहायो स्टेटला ४९-२० ने धुतलं. हाडांच्या कॅन्सरशी झुंजणारा आपला टायलर ट्रेंट त्या रात्री स्टेडियममध्ये होता. पर्ड्यू जिंकणार, असं तो आधीच सांगून बसला होता. १ जानेवारी २०१९ ला तो गेला. स्टुडंट गेटला आज त्याचं नाव आहे. गेम संपल्यावर मी हजारो पोरांबरोबर मैदानात उतरलो होतो. बुटांना लागलेली माती मी कित्येक दिवस पुसली नाही.

म्हणून हा धागा. किती गेम जिंकू तो आकडा सांगाच, पण तो कुठल्या अनुभवातून आला तेही लिहा. फक्त पर्ड्यूवालेच हवेत असं नाही.

*

वेस्ट लाफायेटहून, पीएचडीचं चौथं वर्ष

माझी सुरुवातच उलटी झाली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आले आणि डिसेंबरात मी इंडियानापोलिसला बिग टेनच्या (आपल्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या) फायनलमध्ये टीमला चीअर करत होते! मिशिगनकडून ४३-२२ हरलो, पण मला वाटलं, हे दरवर्षीच असं असणार. त्याच आठवड्यात ब्रॉम लुईव्हिलला गेले. पुढच्या वर्षी चार विजय, त्याच्या पुढच्या वर्षी एक.

नोटर डेमचा गेम मी पूर्ण पाहिला. हाफटाइमलाच ४२-० होतं. आमची अख्खी रांग उठून गेली. उरले मी आणि दोन सीट सोडून एक आजोबा. सोनेरी-काळी टोपी, एका कानात रेडिओ, मांडीवर वही. प्रत्येक ड्राइव्ह ते पेन्सिलीने लिहीत होते: कुठून सुरू, किती यार्ड, कसा संपला. पेन्सिल बोथट झाली की खिशातल्या छोट्या चाकूने टोक काढायचे. तिसऱ्या क्वार्टरनंतर मी विचारलं, अजून लिहिताय? ते म्हणाले, १९६६ पासून एकही गेम अर्धा लिहिलेला नाही. १९६६ म्हणजे 'रोज बोल' या सीझननंतरच्या मानाच्या सामन्याला गेलेला सीझन, क्वार्टरबॅक बॉब ग्रीसीचा.

माझा आकडा तीन. पण मला खरं हवंय ते हे, की चौथ्या क्वार्टरमध्ये त्यांच्या वहीत लिहिण्यासारखं काहीतरी व्हावं.

*

कोलंबस, इंडियानाहून

आमचं गाव ब्लूमिंग्टनच्या शेजारी. इथे पुण्याहून आलेल्या इंजिनिअर लोकांची वस्ती मोठी, आणि ऑफिसात निम्मे लोक इंडियाना युनिव्हर्सिटीचे. ६६-० नंतरच्या सोमवारी कामावर जाणं काय होतं ते मलाच माहीत. कुणी काही बोललं नाही. एकाने नुसती माझ्या टेबलावर लाकडी बादली आणून ठेवली, कुंड्या ठेवतात तसली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पर्ड्यू आणि इंडियाना यांच्यात ओल्ड ओकन बकेट नावाची जुनी बादली असते. जो जिंकेल त्याचं अक्षर, पी किंवा आय, तिच्या साखळीला जोडलं जातं. १९२५ ची पहिली लढत ०-० सुटली, म्हणून साखळीची पहिली कडी दोन्ही अक्षरांची आहे. यंदा त्याला शंभर वर्षं होतात.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळाचे सामने बघत वाढलो. तो फुटबॉल वेगळा, हा वेगळा, पण पेठ तीच. आमच्याकडे माणूस टीम निवडत नाही, ज्या गल्लीत जन्मला ती त्याची टीम. त्यामुळे "हरतात तरी का बघतोस?" हा प्रश्न मला कधी कळलाच नाही.

आता मनातलं बोलतो. इंडियाना २०२३ ला ३-९ होती. कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आले आणि पहिल्याच वर्षी ११-२, थेट प्लेऑफ (राष्ट्रीय विजेतेपदाची बाद फेरी). आमच्या डोळ्यांदेखत, एका वर्षात. मग "बांधणीला चार वर्षं लागतात" हे मी का मान्य करू? ओडम यांनी यूएनएलव्हीत हेच केलंय. त्यांच्या आधीच्या वर्षी ५-७ असलेली टीम पहिल्याच वर्षी ९-५. मला आकड्यांत रस नाही. २८ नोव्हेंबर, शुक्रवार, आपलं मैदान. ती बादली परत हवी.

*

फिनिक्सहून (अॅरिझोना स्टेट)

तुम्ही बोलावलंत म्हणून आले! आम्ही २०२३ ला ३-९ होतो. गेल्या वर्षी बिग ट्वेल्व्ह या आमच्या कॉन्फरन्सच्या अंदाजात सोळापैकी सोळावा नंबर दिला होता आम्हाला. आम्ही ती कॉन्फरन्स जिंकली. प्लेऑफला पीच बोलमध्ये टेक्ससशी दोन ओव्हरटाइमपर्यंत लढलो. पहिल्या ओव्हरटाइममध्ये त्यांचा चौथा डाउन (शेवटची संधी) होता, तेरा यार्ड बाकी. तो अडवला असता तर संपलंच होतं. नवऱ्याने लेकीला खांद्यावर घेतलेलं, मी डोळे मिटलेले. टेक्ससने टचडाउन मारला. शेवटी ३९-३१.

सीझनच्या आधी मला कुणी विचारलं असतं तर मी पाच म्हणाले असते. तुमचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. आमच्याकडे कॅम स्कॅटेबोसारखा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) होता. पण तिकिटं आत्ताच काढून ठेवा. मी ऑक्टोबरपर्यंत थांबले आणि सुरुवातीचे गेम हुकले, ते अजून लागतं मनाला.

*

शिकागोहून, १९९९ ची बॅच

मी आपला गाजलेला क्वार्टरबॅक ड्रू ब्रीसच्या वर्गातला नव्हतो, पण त्याच कॅम्पसवर होतो याचं मला आजही अप्रूप आहे. कोच जो टिलर यांनी बारा सीझनमध्ये दहा वेळा टीम बोलला (सीझननंतरच्या निमंत्रितांच्या सामन्याला) नेली. २००१ च्या जानेवारीत रोज बोलला वॉशिंग्टनकडून ३४-२४ हरलो, तेव्हा मी मित्राच्या घरी गालिच्यावर बसून रडलो होतो.

तेव्हा चार वर्षं एक पोरगा बघायला मिळायचा. पहिल्या वर्षी चुकायचा, तिसऱ्या वर्षी शिकायचा, चौथ्या वर्षी आपला व्हायचा. आता ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे खेळाडू सहज युनिव्हर्सिटी बदलतो. डिलन थीनमनसारखा घरचा सेफ्टी (बचावातला खेळाडू) ओरेगॉनला गेला. क्वार्टरबॅक रायन ब्राऊन नॉर्थ कॅरोलायनाला गेला आणि वसंतात परतही आला! नावं पाठ व्हायच्या आत जर्सीतला माणूस बदलतो. माझं वय झालं असेल, पण मला हे जड जातं. अपेक्षा म्हणाल तर दोन विजय, आणि या टीममधली पंधरा पोरं पुढच्या वर्षीही इथेच दिसावीत.

*

वेस्ट लाफायेटहून, परत मीच (पीएचडी)

शिकागोच्या दादांशी एका बाबतीत मी सहमत नाही. या मुलांच्या जिवावर युनिव्हर्सिट्या इतकी वर्षं कमावत होत्या. या जूनमध्ये कोर्टाने खेळाडूंच्या खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि २०२५-२६ या वर्षासाठी प्रत्येक युनिव्हर्सिटी खेळाडूंना २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट देऊ शकते. ते मिळायलाच हवेत. मी रिसर्च असिस्टंट आहे, चांगली लॅब मिळाली तर मीही बदलेन. ब्राऊन परत आला याचा मला आनंदच आहे. तो परत येऊ शकला तोही पोर्टलमुळेच.

*

डेट्रॉइटहून

४-८. जिंकू ते बॉल स्टेट, सदर्न इलिनॉय, रटगर्स, नॉर्थवेस्टर्न. यूएससी, नोटर डेम, मिशिगन, ओहायो स्टेट अशा शेड्युलमध्ये यापेक्षा जास्त मागू नये.

*

पुण्याहून

माझा मुलगा तुमच्या युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला आहे आणि तिथल्या मार्चिंग बँडमध्ये वाजवतो. इथे असताना ढोल पथकात होता, नववीपासून. पर्ड्यूत संगीताचं वेगळं कॉलेज नाही, बँडमधली बहुतेक मुलं इंजिनिअरिंग, शेती, विज्ञान शिकणारी, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

तुमचा दुपारी बाराचा गेम म्हणजे आमचे रात्रीचे साडेनऊ. आम्ही दोघं जेवणं उरकून बसतो. मला खेळातलं फारसं कळत नाही, मी बँड कधी दाखवतात याची वाट बघते. तो मोठा ड्रम चाकांवर आला की ह्यांना हाक मारते. १९२१ सालचा आहे म्हणे, माणसाच्या डोक्यावरून जाईल इतका उंच.

६६-७ च्या दिवशी रात्री फोनवर त्याचा आवाज बसलेला. मी म्हटलं, एवढं हरत होतात तर थोडं थांबायचं ना रे. तर म्हणाला, "आई, विसर्जनाला पाऊस आला म्हणून पथक थांबतं का?" मला काही बोलताच येईना.

आकडा मी काय सांगणार! टीमने यंदा पोरांना चार वेळा तरी आनंदाने वाजवायला लावावं.

*

इंडियानापोलिसहून

गेल्या ऑक्टोबरमध्ये बाबा साताऱ्याहून आले होते. आयुष्यभर कुस्ती पाहिलेला माणूस. त्यांना घेऊन मी शँपेन गावी इलिनॉयविरुद्धच्या गेमला गेले. घरून निघताना ते विचारत होते, बॉल हाताने धरतात तर फुटबॉल का म्हणतात. पहिल्या क्वार्टरनंतर हा प्रश्न संपला. त्यांनी बॉल बघणंच सोडून दिलं होतं, ते लाइनकडे बघत होते. "हा पाय मागे रोवतोय, हा उचलला जाणार," असं म्हणायचे आणि पुढच्या प्लेला खरंच तो लाइनमन उताणा पडायचा. मी अकरा वर्षं गेम बघतेय, मला हे कधी दिसलं नव्हतं.

आपण २४ गुणांनी मागे होतो. आपला क्वार्टरबॅक हडसन कार्ड जखमी, रायन ब्राऊन पहिल्यांदाच स्टार्ट करत होता. मग कुठून काय झालं, एकेक टचडाउन लागत गेला. शेवटच्या मिनिटात तर आपण पुढे होतो. त्यांनी फील्ड गोल मारून बरोबरी केली, ४३-४३. ओव्हरटाइममध्ये इलिनॉय ५०, आपला टचडाउन झाला, ४९. साधी किक मारली असती तर पुन्हा बरोबरी. टीम दोन गुणांसाठी गेली. आजूबाजूला सगळं केशरी, मधे आम्ही दोघं. बाबांनी माझं मनगट धरलं होतं.

नाही झालं. ५०-४९.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याची शेतं, बाबा बराच वेळ गप्प. क्रॉफर्ड्सव्हिल मागे पडल्यावर म्हणाले, "बरोबरीत सोडवता आली असती. पोरांनी चितपट करायला डाव टाकला." मग साताऱ्याला जाईपर्यंत ते आठवड्यातून दोनदा विचारायचे, तो ब्राऊन कसा आहे. तो नॉर्थ कॅरोलायनाला गेला हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं, तो परत आल्यावर एकदमच सांगितलं.

मला पाच वाटतात. सहा झाले तर बोल मिळतो, आणि मग बाबांचं तिकीट मी डिसेंबरचं काढणार आहे.

*

धागाकर्ता

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. इंडियानापोलिसच्या ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. आणि पुण्याच्या काकू, गेमच्या आधी बँड स्लेटरच्या टेकडीवर वाजवतो. आम्ही तिथे असू, मुलाचं वाद्य कुठलं तेवढं कळवा, व्हिडिओ करून पाठवतो.

माझा आकडा चार.

३० तारखेचं ठरवू या. गणपती बुधवारी बसतायत, रविवारी गौरी येणार, म्हणजे शनिवारी बऱ्याच घरांत पाहुणे आणि स्वयंपाक दोन्ही असणार. माझ्याकडे आरती सकाळी साडेआठला आहे, ज्यांना जमेल त्यांनी तिथेच या. प्रसाद घेऊन साडेनऊला टेलगेटला (गेमआधी स्टेडियमबाहेर गाड्यांपाशी खाणं-पिणं) निघू. उकडीचे मोदक गाडीत टिकत नाहीत, तळणीचे करतोय, एकवीस आणि वर अजून चाळीस. कुणीतरी वाटली डाळ आणा. लहान मुलांसाठी पाणी आणि टोप्या लागतील, ऑगस्टमध्ये त्या बाजूच्या स्टँडला सावली नसते.

साडेअकराला टायलर ट्रेंट गेटपाशी भेटू. पीएचडीताई, त्या वहीवाल्या आजोबांची रांग कुठली ते सांगा, त्यांच्यासाठी मोदकांचा वेगळा डबा भरतोय.