शोधाच्या चौकटीत मागचा शब्द राहावा की ती रिकामी उघडावी?

वाचनखूण (प्रश्नकर्ता):
नमस्कार. एका सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथसूचीसाठी मी छोटे सॉफ्टवेअर लिहीत आहे. नोंदी करणाऱ्यांचा आग्रह आहे की शोधाची चौकट पुन्हा उघडल्यावर मागचा शब्द तिथेच असावा, कारण एकाच लेखकाची पुस्तके तपासताना तेच नाव पुन्हा पुन्हा टाइप करावे लागते. काउंटरवर बसणाऱ्यांना मात्र प्रत्येक नव्या वाचकासाठी जुना शब्द खोडत बसणे जाचक वाटते. इतर सॉफ्टवेअरमध्ये याची सोय कशी केलेली असते?

तिरकीरेघ:
शब्द खोडावा लागतो याचा दोष आठवण ठेवण्याला देऊ नका, तो मांडणीचा आहे. फायरफॉक्समध्ये त्याच टॅबवर पुन्हा कंट्रोल-एफ दाबले की मागचा शब्द दिसतो, पण तो संपूर्ण सिलेक्ट झालेला असतो. त्यामुळे तोच हवा असेल तर नुसते एंटर दाबावे, आणि नवा हवा असेल तर सरळ टाइप करू लागावे, जुना आपोआप जातो. दोन्ही गटांची तक्रार एवढ्यानेच मिटावी.

दुसरी रीत विम, इमॅक्स अशा मजकूर लिहिण्याच्या जुन्या एडिटरांची. विममध्ये शोधासाठी तिरकी रेघ (/) दिल्यावर ओळ रिकामीच येते, पण काहीही न लिहिता एंटर दाबले की मागचाच शोध पुन्हा चालतो. इमॅक्समध्ये कंट्रोल-एस लागोपाठ दोनदा दाबले की तेच होते, शिवाय त्याआधीचे शोधही क्रमाने मागे जाऊन काढता येतात. मला स्वतःला हीच रीत अधिक पसंत आहे, परंतु ज्याला ती कोणी सांगितली नाही त्याला ती आपणहून कधीच सापडणार नाही, आणि काउंटरवर रोज नवा माणूस बसत असेल तर तिचा उपयोग नाही.

रकानेवाला:
शब्दाबरोबर आणखी काय लक्षात ठेवले जाते, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एक्सेलच्या व्हीबीएमधील (मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, लिहिण्याच्या भाषेतील) फाइंड ही पद्धत पूर्ण सेल जुळवायचा की त्याचा भाग, सूत्रांत शोधायचे की मूल्यांत, अशा अटी मागच्या वापरातून जपून ठेवते, आणि पडद्यावरच्या शोधाच्या चौकटीशीही त्याच अटींची देवाणघेवाण होते. त्यामुळे कोणी सकाळी 'पूर्ण सेल जुळवा' या पर्यायावर खूण केली असेल, तर दुपारी चालवलेल्या मॅक्रोला समोर असलेली नोंदसुद्धा सापडत नाही, आणि हे दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले असूनही पुष्कळ जण त्यात फसतात. जुना शब्द निदान डोळ्यांसमोर असतो. जुनी अट कुठेतरी घडीत लपलेली असते. म्हणून शब्द खुशाल ठेवा, पण अटी प्रत्येक वेळी मूळ स्थितीला आणा, किंवा ठेवायच्याच असतील तर त्या चौकटीच्या शेजारी ठळक दिसू द्या.

जोडाक्षर:
मराठी सूचीसाठी एक भर घालतो. 'ॲ' हे अक्षर काही नोंदींत एकाच युनिकोड चिन्हाने लिहिलेले असते, तर काहींत 'अ'वर चंद्र देऊन. दिसायला दोन्ही सारखी, संगणकाच्या लेखी वेगळी. सूची तयार करतानाच ही रूपे एक करून घेणे उत्तम, पण ते होईपर्यंत शून्य नोंदी आल्या तर चौकट रिकामी करू नका, कारण त्या क्षणी माणसाला तोच शब्द किंचित बदलून पुन्हा पाहायचा असतो.

वाचनखूण (प्रश्नकर्ता):
सर्वांचे आभार. सिलेक्ट केलेला शब्द ठेवण्याचे ठरवतो. वाचकांसाठी दाराशी एक वेगळा संगणक आहे, तिथेही हेच करावे काय?

तिरकीरेघ:
तिथे अजिबात नको. आधीचा माणूस कोणत्या आजारावरचे किंवा कोणत्या कायद्यावरचे पुस्तक शोधत होता, हे पुढच्याला कळायचे कारण नाही. २००६ साली एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे शोध नावांऐवजी क्रमांक घालून खुले केले, तरी केवळ शोधलेल्या शब्दांवरून पत्रकारांनी एका महिलेला ओळखून काढले होते. आपल्या वाचनालयात तर मागे रांगेत उभा असलेला शेजारीच पुरे. दोनतीन मिनिटे कोणी कळ दाबली नाही तर शब्द, निकाल आणि चौकटीखाली सुचवलेल्या शब्दांची यादी, तिन्ही पुसा, आणि 'नवा शोध' असे मोठे बटण द्या. ब्राउझरची स्वतःची सुचवण्याची सोय वेगळी बंद करावी लागते, ती विसरू नका.