बुटक्या टोमॅटोच्या जाती: आपले अनुभव लिहावेत

घरच्या बागेत बुटके टोमॅटो लावणाऱ्यांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, ही विनंती. ‘बुटका’ म्हणजे ठरावीक उंचीला वाढ थांबवून एकदम फळे देणारे झुडूप, असे अनेकजण समजतात; तशा झुडपी जाती वेगळ्या. खऱ्या बुटक्या टोमॅटोचा शेंडा बहुधा वाढतच राहतो, मात्र पेरे आखूड असतात, खोड जाड असते आणि पाने गडद हिरवी व सुरकुतलेली असतात, कारण वाढीसाठी लागणारे ब्रासिनोस्टेरॉइड हे संप्रेरक त्यात पुरेसे तयार होत नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील क्रेग लाहूलियर आणि ऑस्ट्रेलियातील पॅट्रिना नस्के स्मॉल यांनी हौशी बागकर्मींना सोबत घेऊन अशा जातींवर काम सुरू केले. दोन गोलार्धांतील उन्हाळे आलटून पालटून वापरल्यामुळे त्यांना वर्षाला दोन पिढ्या घेता आल्या. ते बी सर्वांसाठी खुले ठेवले गेले, याचे मला फार मोल वाटते.

पुणे, गच्ची
पहिल्या वर्षी मी फेब्रुवारीत बी पेरले. झाडे उत्तम वाढली, पण फुले एप्रिलमध्ये आली आणि एकूण एक गळाली, कारण कडक उन्हाळ्यात परागकणांची फलनक्षमता घटते व फळ धरत नाही. पुढच्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस पेरणी केली आणि डिसेंबरपासून फळे मिळू लागली. रोपे सुरुवातीला इतकी सावकाश वाढतात की आपले काही चुकत आहे असे वाटते. तेव्हा खताचा मारा करू नये. वीस लिटरच्या कुंडीत एकच झाड, माती, शेणखत आणि कोकोपीट यांचे मिश्रण, मूठभर निंबोळी पेंड, एवढे मला पुरले. आधाराची काठी मात्र या झाडालाही द्यावी लागते, कारण खोड जाड असले तरी फळांच्या भाराने ते कलंडते. पानांची दाटी असल्याने खालची पाने ओली राहून करपा लवकर चढतो, म्हणून पहिल्या घोसाखालची पाने मी काढून टाकते.

रॅले, नॉर्थ कॅरोलायना
आमच्या घराला गाडीरस्त्याच्या कडेखेरीज ऊन असलेली जागा नाही, त्यामुळे तेथेच ओळीने कुंड्या मांडल्या आहेत. ‘रोझेला पर्पल’ची चव मला उंच वाढणाऱ्या जुन्या गावरान जातींच्या तोडीची वाटली. जुलैत दोन दिवस पाणी चुकले आणि फळांचे बूड काळे पडले. मातीत कॅल्शियम असूनही पाण्याच्या अनियमिततेमुळे ते फळापर्यंत पोहोचत नाही, हे तेव्हा कळले.

मेलबर्न
येथे नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी, मेलबर्न कपच्या दिवशी, टोमॅटो लावण्याचा प्रघात आहे. ‘टास्मानियन चॉकलेट’चा संकर मी एका उंच जातीशी करून पाहिला. पहिल्या पिढीतील सर्व रोपे उंच निघाली, कारण बुटकेपणाचा गुण अप्रभावी आहे, म्हणजे तो दोन्ही पालकांकडून आला तरच दिसतो. त्यांचेच बी पुन्हा पेरल्यावर चोवीसपैकी सात रोपे बुटकी आली. अपेक्षा एक चतुर्थांशाची, म्हणजे सहाची होती. दोन-तीन आठवड्यांतच जाडसर, चुरगळलेल्या पानांवरून ती ओळखता आली, त्यामुळे उरलेल्यांवर जागा खर्च झाली नाही.

ठाणे, खिडकी
जागा अगदीच कमी असल्याने ‘मायक्रो टॉम’ लावला. वीतभर उंचीला भरपूर फळे येतात, पण चव बेताची आहे. शोभेसाठीच लावावा.

नारायणगाव
आमच्या परसाभोवती टोमॅटोचीच शेते आहेत, त्यामुळे पांढरी माशी आणि तिच्यामार्फत पसरणारा पाने वळवणारा विषाणू यांचा धाक कायम असतो. बुटक्या जातीची मूळचीच सुरकुतलेली पाने पाहून रोग आला असे समजून मी चार निरोगी रोपे उपटून टाकली, याचे आजही वाईट वाटते. रोगट पाने वरच्या बाजूला वळून वाटीसारखी होतात, त्यांच्या कडा पिवळ्या पडतात आणि नवी पाने आधीच्यांहून लहान होत जातात. निरोगी बुटक्या रोपाचे पान सुरकुतलेले असले तरी गडद आणि जाड राहते. आता रोपे सहा आठवड्यांची होईपर्यंत बारीक जाळीखाली ठेवतो, आणि उपटण्याआधी दोन दिवस थांबून नवे पान कसे येते ते पाहतो.