मदत हवी आहे: बाबांसाठी ई-रीडर घ्यावा की टॅबलेट? (स्कॅन केलेली मराठी पुस्तकं वाचायची आहेत)

नमस्कार मंडळी,

बाबांचं वय 74. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेत. छापील पुस्तकाचं अक्षर चष्मा लावून नीट वाचतात, त्याहून बारीक लागत नाही. घरातली पुस्तकं दोन-दोनदा वाचून झाली, म्हणून गेलं वर्षभर ते फोनवर वाचतायत. ते बघवत नाही, म्हणून हा धागा.

परवा मी शेजारी बसून पाहिलं. अख्खं पान पडद्यावर मावलं की अक्षर मुंगीएवढं होतं. मग दोन बोटांनी मोठं करायचं, की ओळीचा शेवट पडद्याबाहेर. पान सरकवत ओळ संपवायची, पुन्हा मागे ओढून पुढच्या ओळीची सुरुवात शोधायची. मागे येताना बोट जरा वर गेलं, की तीच ओळ परत समोर. एक ओळ त्यांनी तीनदा वाचली. अर्ध्या तासात दोन पानं झाली आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. एकेकाळी एका बैठकीत पुस्तक संपवणारा माणूस आहे हा.

त्यांच्याकडे दोनेकशे पुस्तकं आहेत, बहुतेक सगळी स्कॅन केलेली पीडीएफ. थोडी ईपब (अक्षर लहान-मोठं करता येणारी ई-पुस्तकं) आहेत. शिवाय मित्रांनी पाठवलेल्या जुन्या वर्ड फाइली, ज्या उघडल्या की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि कंसच दिसतात.

टॅबलेट घ्यावा तर बाबा म्हणतात, उजेड डोळ्यावर येतो. ई-रीडरचा ई-इंक पडदा त्यांना एकाकडे पाहून फार आवडला, कागदासारखा वाटला. 6 इंची, 7.8 इंची, 10.3 इंची आणि आता रंगीत पडद्याचेही मिळतात. सगळीकडे 300 पीपीआय (एका इंचातले ठिपके), इतके जीबी, इतके आठवडे बॅटरी एवढंच लिहिलेलं असतं. स्कॅन केलेलं मराठी पान त्यावर कसं दिसतं, ते कुणीच सांगत नाही. कृपया वापरणाऱ्यांनी सांगावं.

प्रतिसाद:

ताई, पीपीआय बाजूला ठेवा, आधी पडद्याची लांबी-रुंदी बघा. इंचाचं माप तिरकं असतं; 6 इंची पडदा म्हणजे साधारण 9 बाय 12 सेंटिमीटर. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकाराचं पान 14 बाय 21.5. अख्खं पान त्यात बसवलं तर अक्षर निम्म्याहून थोडंसंच मोठं उरतं. 10.3 इंची पडदा साधारण 16 बाय 21 चा, म्हणजे पान जवळपास मूळ मापात.

ईपबमध्ये अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने लागतात, तिथे 6 इंचही पुरतात. स्कॅन केलेलं पान हे चित्र असतं, ते नुसतं ताणलं जातं. त्यामुळे मापाचा प्रश्न तुमच्या त्या दोनशे पुस्तकांपुरता आहे, पण तेच तर मुख्य आहे.

एक करा. पुठ्ठ्यात दोन्ही मापांच्या खिडक्या कापा आणि घरातल्या पुस्तकावर ठेवून बाबांना दाखवा. वजनही लक्षात घ्या: लहान यंत्र 160 ग्रॅमच्या आसपास, मोठं 400 च्या.

प्रतिसाद:

लहान यंत्र एवढ्यात बाद करू नका. ते आडवं धरलं आणि पानाचे समास कापले, तर 12 सेंटिमीटर रुंदीत ओळ पूर्ण मावते आणि अक्षर छापील मापाचंच राहतं. फक्त एक पान दोन-तीन टप्प्यांत वाचावं लागतं. कोरीडर नावाचं मोफत ॲप समास कापतं, फिकट स्कॅन गडदही करतं. त्यात स्कॅनच्या ओळी नव्याने लावायचीही सोय आहे. ते अक्षरं ओळखत नाही, शब्दांमधली मोकळी जागा पाहून चित्राचे तुकडे करतं, म्हणून मराठीलाही चालतं. पान वाकडं स्कॅन झालेलं असेल तर मात्र तुकडे चुकतात. घेण्याआधी त्या यंत्रावर कोरीडर टाकता येतं का, ते नक्की विचारा.

रंगीत घेऊ नका. रंगाच्या गाळणीमुळे पार्श्वभूमी करडी पडते आणि रंगात बारकावा 150 पीपीआयच मिळतो. तुमची पुस्तकं काळी-पांढरीच आहेत ना? उजेडाचं म्हणाल, तर ई-रीडरचे दिवे कडेला असतात आणि प्रकाश पडद्यावरून पसरतो, टॅबलेटसारखा मागून डोळ्यांकडे येत नाही.

वर्ड फाइली युनिकोडपूर्व, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवणाऱ्या जुन्या फॉन्टमधल्या असणार. संगणकावर कन्व्हर्टरने युनिकोड करा, मग कॅलिबर नावाच्या प्रोग्रॅममध्ये ईपब. रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच राहतात.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. काल खिडक्या कापल्या. लहान खिडकी आडवी ठेवून बाबांनी एक पान वाचलं. ओळ मावते, पण संवाद अर्ध्यात तुटतो असं म्हणाले. मोठी खिडकी ठेवली आणि ते वाचतच राहिले, पान उलटायला त्यांनी पुठ्ठा स्वतः उचलला. मग 400 ग्रॅमचं एक पुस्तक हातात दिलं. खुर्चीत चालतं, आडवं पडून दहा मिनिटांत मनगट दुखलं. पलंगाला लावायचा स्टँड घेईन. तर 10.3 इंचीच घ्यायचं ठरतंय.

एकच अडचण उरली. त्यांची बोटं फार कोरडी पडलीत, फोनवर दोन-तीनदा दाबल्याशिवाय स्पर्श लागत नाही. पान उलटायला कडेला बटणं असलेला मोठा ई-रीडर कुणी वापरलाय का? किंवा वेगळं ब्लूटूथ बटण जोडून चालतं का?