हावडा पूल: पात्रात एकही खांब का नाही?

काठावरचा:
हावडा आणि कोलकाता जोडणाऱ्या पुलाला हुगळीच्या पात्रात खांबच नाही. 1500 फुटांचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) पेलला कसा? आणि आधीचा तरंगता पूल का काढला?

गर्डर:
तरंगता पूल 1874 चा, ब्रॅडफर्ड लेस्ली यांचा. 1528 फूट लांब, पाँटूनवर (पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ नावांवर) टेकलेला. जहाज आलं की मधला 200 फुटांचा तुकडा बाजूला घ्यायचा, तोवर रस्ता बंद. वाहतूक वाढल्यावर हे परवडेना. नव्या पुलाला पात्रात खांब दिले असते तर प्रवाह अडून गाळ साचला असता आणि बंदराची वाट अरुंद झाली असती.

म्हणून कॅन्टिलिव्हर, म्हणजे एका बाजूला पक्के धरलेले आणि पुढे अधांतरी झेपावणारे बाहू. दोन्ही काठांवर मनोरे. प्रत्येक मनोऱ्यामागे 325 फुटांचा बाहू, त्याचं टोक जमिनीत नांगरलेलं. पुढे नदीवर 468 फुटांचा बाहू. या दोन टोकांच्या मधे 564 फुटांचा तुकडा टांगलेला. 468 + 564 + 468, झाले 1500. पुढच्या भाराने मागचं टोक वर उचलू पाहतं, म्हणून खरी मदार नांगरावर.

विहीरपाया:
पाया विसरू नका! मनोऱ्याखालची एकेक विहीर (पायासाठी जमिनीत उतरवलेला पोकळ सांगाडा) 55.31 × 24.8 मीटर, आत 21 चौकोनी कप्पे. कप्प्यांतली माती उपसत ती खाली उतरवायची. एकदा उपसा चालू असताना खालची जमीन एकदम खचली आणि अख्खी विहीर दोन फूट खाली आदळली. कोलकात्यातल्याच खिदिरपूरच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली!

काठावरचा:
पोलाद कुठलं? परदेशी?

गर्डर:
एकूण 26,500 टनांपैकी 23,000 टन टाटांचं टिसक्रोम, उच्च ताणशक्तीचं. युद्धामुळे बाहेरून माल येणं अवघड झालं होतं, त्यामुळे देशी पोलादावर उभा राहिलेला हा पूल मला फार मोठा वाटतो. जोडकाम रिव्हेटचं, म्हणजे ठोकून बसवलेल्या पोलादी खिळ्यांचं. 3 फेब्रुवारी 1943 ला खुला झाला, 1965 पासून अधिकृत नाव रवींद्र सेतू.

गंजरोधक:
सध्याचा खरा शत्रू पानाची पिंक. रस्ता वरून हँगरवर (उभ्या पोलादी दांड्यांवर) लटकलेला आहे आणि हँगरचे बुंधे पदपथालगत, नेमके थुंकणाऱ्यांच्या टप्प्यात. चुना-गुटख्याच्या थराखाली ओल धरते, रंग सुटतो, पोलाद झिजतं. बुंध्यावरची 6 मिमीची आवरणं 2011 च्या सुमारास 3 मिमीच्या खाली आली होती. मग फायबरग्लासची आवरणं बसवली, ती धुता येतात. पक्ष्यांच्या विष्ठेचाही तोच त्रास, आणि ती सांध्यांच्या बेचक्यात साचते. तिथे नुसता वरून रंग मारून भागत नाही. आधी खरवडून साफ करायचं, मग प्रायमर, मगच रंग.