प्र.रा.मा. ४ खाडीत कसा गेला?

दापोलीहून गुहागरला निघालो होतो. नकाशातला ‘प्र.रा.मा. ४’ (प्रमुख राज्य मार्ग ४) धरून दाभोळला आलो, तर पुढे थेट खाडी! वाट चुकलो का?

— चुकला नाहीत. तो रेवस–रेड्डी सागरी महामार्ग. नाव महामार्ग, दर्जा प्रमुख राज्य मार्गाचा. मुंबई–गोवा वेगळा, तो राष्ट्रीय ६६, पूर्वीचा १७. दाभोळला गाडी फेरीबोटीत घाला, पलीकडे धोपावे. पुढे तवसाळ–जयगडलाही तेच. खलाशी ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत बोटभर जागा ठेवून गाडी लावून घेतो. माझा दरवेळी जीव वर-खाली.

— मैलाच्या दगडाचं डोकं बघत चला. हिरवं म्हणजे राज्यमार्ग, पिवळं म्हणजे राष्ट्रीय. रंग उडाला असेल तर मात्र टपरीवर विचारा.

— धन्यवाद! बोटीतूनच लिहितोय. आरसा मिटवून ठेवलाय.